आवक-जावक वहीतली तारीख

आज जरा जुन्या काळातलं सांगणार आहे, पण निमित्त ताजं आहे.

मागं आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, बायका उठल्या आणि एक बाई तशीच बसून राहिली. तिची मुलगी नऊ वर्षांची. जन्मली तेव्हा रडलीच नाही, मेंदूला इजा झाली. हातपाय ताठरलेले, बोलणं अडखळतं, पण समज एकदम लख्ख. शाळेच्या पटावर तिचं नाव आहे, पोरगी मात्र घरात. घरी येऊन शिकवणारे विशेष शिक्षक आणि एक चाकाची खुर्ची, एवढं या बाईचं मागणं. दोन वर्षं झाली. मी विचारलं, "किती वेळा गेलीस?" म्हणाली, "आठ वेळा तरी गेले असेन." "आणि अर्ज किती केलेस?" ती गप्प. मग म्हणाली, "अर्ज कुठला, ताई? तोंडीच सांगितलं. साहेब म्हणाले, बघतो."

आठ दिवसांची मजुरी बुडाली, एस.टी.चं भाडं गेलं आणि सरकारदरबारी ही बाई एकदाही आलेली नाही. कारण कागदावर ती कुठंच नाही. तिचं ऐकलं आणि मला इतिहास आठवला. आपल्या भागात शिक्षणासाठी सरकारकडं मागणं मागायची रीत फार जुनी आहे. त्यातलं जे लिहून मागितलं, तेवढंच आज आपल्याला ठाऊक आहे.

सातारा जिल्ह्यातलं खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे दोघांची मुळं आपल्याच मातीतली. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचा आयोग नेमला. त्याच्यापुढं जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला लेखी निवेदन दिलं. लेखी, हे लक्षात ठेवा. म्हणणं असं की, शेतकऱ्याच्या घामाच्या पैशातून सरकार शिक्षण चालवतं, पण शिकतात वरच्या जातींची मुलं. रयतेच्या पोरांना शाळा नाही. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, शिक्षकाला महिन्याला किमान १२ रुपये पगार द्या, असंही त्यांनी मागितलं. नुसतं गाऱ्हाणं नव्हतं ते. काय हवं आणि किती हवं, सगळं आकड्यासकट होतं.

त्या काळी शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड म्हणून घेत आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला जाई. म्हणजे ज्या कुणब्याचं पोर शाळेचा उंबरा चढत नव्हतं, तोही शाळेचा पैसा भरत होता. आजही तसंच आहे. काडेपेटीवर आपण कर भरतो, साबणावर भरतो. घरात बसलेल्या त्या मुलीची आईही भरते. त्यामुळं ऑफिसात जाताना "उपकार करा" असा चेहरा करायचं कारण नाही.

जोतीरावांच्या मागण्याचं काय झालं? काहीच नाही. नंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं; पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडलं. पैसा नाही, वेळ आलेली नाही, लोक तयार नाहीत, अशी कारणं सांगितली गेली. ही कारणं तुम्हांला ओळखीची वाटतात का? मला वाटतात. गंमत म्हणजे त्याच काळात संस्थानिकांकडं पैसाही होता आणि वेळही आली होती. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचं केलं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये. ज्यांनी सरकारची वाट बघायची नाही असं ठरवलं, त्यांनी स्वतः शाळा काढल्या. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आपल्याकडं शाळेतलं पोरगंही सांगतं.

स्वातंत्र्य आलं. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. १९५० च्या राज्यघटनेनं सांगितलं होतं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करा. दहा वर्षं म्हणजे १९६०. शिक्षण हा मूलभूत हक्क आहे हे घटनेत लिहिलं गेलं २००२ मध्ये आणि त्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. जोतीरावांच्या त्या निवेदनापासून मोजा, १२७ वर्षं भरतात. सरकारी दिरंगाई म्हणतात ती ही. आपल्या मैत्रिणीची दोन वर्षं त्यापुढं काहीच नाहीत, असं मी म्हणणार नाही. तिच्या मुलीच्या नऊ वर्षांतली ती दोन वर्षं आहेत.

या सगळ्या लांबलचक गोष्टीत अपंग मूल कुठं होतं? कुठंच नव्हतं. सक्तीचे जे जुने कायदे झाले त्यांत आई-बापाला मूल शाळेत न पाठवायची सूट मिळायची, त्याची कारणं दिलेली असत. त्यांत आजारपण असे, शारीरिक दुबळेपण असे. कायदा करणाऱ्यांना ती दया वाटली असेल. पण त्या सुटीचा अर्थ असा झाला की पायानं अधू पोराला शाळेत घ्यायची सक्ती शाळेवरही राहिली नाही. सगळ्यांसाठी दार उघडलं आणि याच पोरांना मागच्या दारानं घरी सोडलं.

मग त्यांच्यासाठी केलं ते मिशनऱ्यांनी आणि दयाळू माणसांनी. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली, अंधांची शाळा १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या बायकांनी चालवली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवत. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली त्या. ब्रेलचे ठिपके बोटांनी वाचायला शिकलेली ती पोरगी गावाकडं असती तर तिला कुणी वाटीभर आमटीसुद्धा नीट वाढली असती का, सांगता येत नाही. पण या सगळ्या शाळा शहरात किंवा मिशनमध्ये. माणदेशातल्या, जत-आटपाडीतल्या वाडीवरच्या पोरीला त्यांचा काय उपयोग?

आपल्या शेजारचं एक नाव घेतलंच पाहिजे, कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं. ऐन तारुण्यात पायातली ताकद गेली, चाकाच्या खुर्चीवर आल्या. पुढं १९८४ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली, वसतिगृह बांधलं, शाळा सुरू केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन गटातल्या वाचणाऱ्या बायकांनी जरूर मिळवावं. पण नसीमाताई तरी किती मुलांना पुरणार? संस्था हे उत्तर आहे, पण ते जिल्हा परिषदेच्या वाटचं उत्तर नाही. प्रत्येक वाडीपर्यंत जी शाळा पोचली आहे ती जिल्हा परिषदेची. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडं आल्या. मग त्या शाळेत आपलं मूल का नाही, हा प्रश्न तिथंच विचारावा लागतो.

केंद्र सरकारनं १९७४ मध्ये अपंग मुलांना साध्या शाळेत शिकवण्याची योजना आणली खरी, पण ती योजना होती, हक्क नव्हता. योजना म्हणजे पैसे आले तर मिळेल. हक्क मिळाला तो १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानं. तोही आपोआप झाला नाही. अपंग माणसं स्वतः दिल्लीच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा संसदेनं तो डिसेंबरात मंजूर केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. अठरा वर्षांपर्यंत अपंग मुलाला मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे, हे तेव्हा पहिल्यांदा लिहिलं गेलं. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकायचा पर्याय मिळाला. पर्याय आपला आहे, बरं का. "तुमची मुलगी घरीच बरी" असं ठरवायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. पूर्वी सातच होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. शाळेतल्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून कुणाला काय हवं ते शोधायचं, हेही कायद्यात आहे. दरम्यान अपंग शब्द जाऊन दिव्यांग आला. शब्द बदलायला फार वेळ लागला नाही. शिक्षक यायला लागतो.

शिक्षकांची गोष्ट तर वेगळीच. विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. एकेकाकडं कितीतरी गावं. त्यांच्यावर राग काढू नका. ती माणसं मोटरसायकलवर पेट्रोल जाळत वाड्यावस्त्या फिरतात. पदंच नव्हती, मग माणूस कुठून येणार? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो उत्तर प्रदेशातल्या विशेष शिक्षकांच्या अर्जावरून. २८ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयानं सांगितलं, प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागं एक विशेष शिक्षक हवा, त्यावरच्या वर्गांत १५ मुलांमागं एक. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण केली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला साधारण एक. तरीही देशभर राज्यं टाळाटाळ करत होती, तेव्हा ७ मार्च २०२५ ला न्यायालयानं पुन्हा दटावलं आणि पदं जाहीर करायला आठवड्यांत मोजावी अशी मुदत दिली. २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वयाच्या अपंग मुलांपैकी सत्तावीस टक्के कधीच शाळेत गेलेली नव्हती. त्यातली पाच-सहा वर्षांची पोरं आता विशीत आहेत. त्यांच्यासाठी २०२५ चा हुकूम काय कामाचा?

इतर देशांतही हेच भांडण आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या पालकांनी खटला भरला. शाळेचं मंडळ म्हणालं, पैसे पुरत नाहीत. न्यायाधीशांनी सांगितलं, पैसे कमी असतील तर ती तूट सगळ्यांनी सोसा. अपंग मुलांच्याच माथी ती मारता येणार नाही. तीन वर्षांत, १९७५ मध्ये, तिथं देशभराचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये तर मुदतच ठरलेली आहे: पालकानं मागणी केल्यापासून २० आठवड्यांच्या आत मुलाचा मदतीचा आराखडा हातात मिळाला पाहिजे. अलीकडच्या काळात साधारण निम्मेच आराखडे वेळेत मिळतात. एवढा श्रीमंत देश, तरी कौन्सिल उशीर करते. पण तिथल्या आईला बोट ठेवायला तारीख आहे. एकविसाव्या आठवड्यात ती भांडायला उभी राहू शकते.

आपल्याकडं अशी तारीख आहे का? आहे, आणि फार कमी बायकांना ठाऊक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ मध्ये लिहिलंय, मुलाच्या हक्काबाबत कुणाचीही तक्रार असेल तर ती लेखी स्थानिक प्राधिकरणाकडं द्यायची. जिल्हा परिषद आणि पंचायत यांची नावं कायद्याच्या व्याख्येतच आहेत. आपलं म्हणणं ऐकून घेऊन तीन महिन्यांत निकाल द्यायचा. पटला नाही तर राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील. हे कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्यापुढं अठरापर्यंत दिव्यांग हक्क कायदा आहे आणि त्याची तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं करता येते.

दुसरा आपल्या महाराष्ट्राचा कायदा, २००५ चा. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. सरकारी नोकराकडं फाईल साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई, असं त्यात आहे. हा कायदा व्हावा म्हणून अण्णा हजाऱ्यांनी आंदोलन केलं होतं. आणि तिसरा माहितीचा अधिकार, तोही २००५ चा; महाराष्ट्रानं आपला कायदा त्याआधीच, २००२ मध्ये केला होता. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत, उत्तर ३० दिवसांत. त्यात विचारायचं एकच: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणी, कोणत्या दिवशी, काय केलं आणि तो आज कुणाच्या टेबलावर आहे? हा प्रश्न साधा वाटतो, पण टेबलामागच्या माणसाला तो चांगलाच लागतो. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत अपील करायचं.

पण हे सगळे कायदे उघडायला किल्ली एकच: तारीख. अर्ज दोन प्रतींत लिहायचा. एक त्यांना द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची, म्हणजे शिक्का, सही आणि आवक क्रमांक. ऑफिसात जी आवक-जावक वही असते ना, तिच्यात आपला अर्ज चढला की ते तीन महिने सुरू झाले. कुणी म्हणालं, "ठेवून जा, नंतर देतो पोच," तर "थांबते मी" म्हणायचं आणि बाकड्यावर बसायचं. तेही जमलं नाही तर पोस्टानं रजिस्टर करायचं. अर्जात काय लिहायचं, तर जोतीरावांसारखं मोजून: मूल कोणत्या शाळेच्या पटावर, वय किती, घरी शिकवायला आठवड्यातून किती दिवस शिक्षक हवेत, कोणतं साधन हवं. "मदत व्हावी ही विनंती" एवढंच लिहिलं तर मदत केली असंही ते म्हणू शकतात, एक वही देऊन.

एकटीनं जाऊ नये, हेही सांगते. सांगली जिल्ह्यात १९८०च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि गेल ऑम्वेट तिच्यात होत्या. इंदुताई तर पत्री सरकारच्या काळापासून लढलेल्या. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना तेव्हा गावात किंमत नव्हती आणि सरकारी कागदावर नावही नव्हतं. रेशनकार्ड नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावावर. त्या बायका एकत्र आल्या, आपल्याला परित्यक्ता म्हणवून घेतलं आणि तहसीलदारापुढं गेल्या. आपली ओळख आपल्या नावानं कागदावर आली पाहिजे, ही ती लढाई. एकटी बाई गेली असती तर तिला "नवऱ्याला घेऊन ये" असंच सांगितलं असतं.

आपल्याकडं आज बचत गट आहेत, शाळा व्यवस्थापन समिती आहे. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत असा नियम आहे. समितीच्या बैठकीत या मुलांचा विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा योजनेतून महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने, मिळतात. ते मिळतात का, तेही तिथं विचारा. ग्रामसभेत विचारा, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात, ते कुठं खर्च झाले? बहुतेक ठिकाणी उत्तराआधी सरपंच घसा साफ करतात.

आता आमच्या त्या मैत्रिणीचं. त्या बैठकीच्या पुढच्या सोमवारी आम्ही चौघी तिच्याबरोबर तालुक्याला गेलो. अर्ज तिच्या पुतणीनं लिहिला होता, दहावीतली पोरगी, अक्षर मोत्यासारखं. कारकून म्हणाले, पोच लागत नाही, आम्ही करतो काम. आम्ही बाकड्यावर बसलो. अकरा वाजता बसलो ते दीड वाजला. मग शिक्का बसला. बाईनं तो कागद पदराच्या गाठीत नाही बांधला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

पाचव्या आठवड्यात विशेष शिक्षक घरी आले. आता आठवड्यातून एकदा येतात, मागितलं होतं दोनदा. मुलगी रंगीत खडूनं आपल्या नावातलं पहिलं अक्षर काढते, वाकडं येतं, पण येतं. चाकाची खुर्ची अजून आलेली नाही. तिच्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र पुन्हा करायला सांगितलंय, जिल्ह्याच्या रुग्णालयात बोर्डाच्या दिवशी जायचं आहे. तीन महिने भरायला अजून एकोणीस दिवस आहेत. बचत गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही ती तारीख लाल पेनानं लिहून ठेवली आहे, आणि विसाव्या दिवशी आयोगाला पाठवायच्या अपिलाचा कागद पुतणीनं आत्ताच लिहून ठेवलाय.